मोमिनाबादचा रिसाला आणि घोड्याचा पोटशूळ

बालाघाटाच्या पठारावर, जयवंती नदीच्या काठी वसलेल्या अंबाजोगाईचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात योगेश्वरीचे देवालय, मुकुंदराजांची समाधी आणि लांबलचक वस्त्रावर पंचीकरण लिहून काढणाऱ्या दासोपंतांची पासोडी ही एकामागून एक उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात निजामाच्या सरकारी दफ्तरात मोमिनाबाद या नावाने नोंदल्या जाणाऱ्या या गावाची हैदराबादच्या रेसिडेन्सीला असलेली ओळख घोडदळाची छावणी अशी होती.

निजामाच्या घोडदळाची नवी बांधणी १८१६ साली, हेन्री रसेल हा हैदराबादेस रेसिडेंट असताना सुरू झाली. १८२६ साली त्याचे क्रमवार रिसाले ठरले. आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या हवाली होऊन त्याच्या वसुलातून ज्या फौजेचा खर्च चालू लागला, तिला हैदराबाद कंटिंजंट हे नाव कायम झाले. मोमिनाबाद हे या फौजेच्या घोडदळाचे एक मुख्य ठाणे. इतिहासकार या छावणीची आठवण ठेवतात ती दोन प्रसंगांमुळे. १८२७ साली स्वारांनी दाढ्या उतरवाव्यात अशा हुकुमावरून उसळलेल्या दंग्यात कर्नल इव्हॅन डेव्हिस हा सरदार येथेच मारला गेला. आणि १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादेस ज्या पहिल्या रिसाल्यात असंतोष पेटला, तो मोमिनाबादहूनच तिकडे गेलेला होता. हे दोन्ही प्रसंग महत्त्वाचे खरे, पण ते थोड्या दिवसांचे. बाकीची सारी वर्षे या छावणीत पहाटेपासून रात्रीपर्यंत जे काम अखंड चालले ते घोड्यांना पाणी दाखवण्याचे, चंदी चारण्याचे आणि खरारा करण्याचे. आणि जे भय अखंड राहिले ते घोड्याच्या पोटाचे. त्या भयाची आणि त्यावर योजलेल्या औषधांची हकीगत सांगावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हे भय समजण्यासाठी प्रथम शिलेदारीची पद्धत ध्यानी घेतली पाहिजे. कंटिंजंटच्या स्वाराचा घोडा सरकारी तबेल्यातला नसे. स्वाराने स्वतःचा घोडा, खोगीर आणि हत्यार आणावे, सरकारने त्याला ठरावीक तनखा द्यावा, आणि त्या तनख्यातून त्याने आपले व जनावराचे पोट भरावे, असा हा करार होता. घोड्यासह नोकरीच्या या हक्काला असामी म्हणत. ती विकली जाई, विकत घेतली जाई, आणि एखाद्या मातबर जमादाराच्या पदरी अनेक असाम्या असून त्यांवर तो आपले बारगीर बसवी. घोडा मेला तर दुसरा उभा करणे स्वारावर बंधनकारक असे. त्यासाठी दरमहा तनख्यातून काही रक्कम कापून रिसाल्याचा चंदा जमा केला जाई आणि त्या चंद्यातून नव्या घोड्याच्या किमतीला हातभार लागे. तरीही उरलेल्या रकमेसाठी सावकाराच्या ओटीवर बसण्यावाचून स्वाराला गत्यंतर नसे. लढाईत घोडा पडला तर त्याची दाद लागे, कारण ती सरकारची चाकरी होती. पण ठाणावर बांधलेला धडधाकट घोडा संध्याकाळी पाय आपटू लागला आणि दिवस उगवण्यापूर्वी मेला, तर त्या एका रात्रीत एका कुटुंबाची कैक वर्षांची मिळकत बुडे. घोड्याच्या पोटशूळाकडे रिसाल्यातील माणसे देवीच्या किंवा पटकीच्या साथीइतक्याच धास्तीने पाहत, याचे कारण हे आहे.

आता घोड्याच्या पोटाची रचनाच अशी आहे की ते बिघडल्यास नवल नाही, ते एरवी नीट चालते हेच नवल. एवढ्या थोरल्या देहाला आमाशय मिळाले आहे ते जेमतेम आठ ते पंधरा लिटरांचे. त्याच्या मुखाशी असलेला स्नायू इतका घट्ट, की आत गेलेले काहीही घोड्याला ओकून टाकता येत नाही. त्यापुढे वीस मीटरांहून लांब लहान आतडे, मग सुमारे तीस लिटर सामावणारे अंधांत्र, आणि त्यानंतर तीन-चार मीटर लांबीचे मोठे आतडे, जे पोटात मावावे म्हणून दुहेरी नालाच्या आकारात दुमडून ठेवलेले असते. या मोठ्या आतड्याचा एक भाग डाव्या बाजूने मागे ओटीपोटाकडे जातो, तेथे वळतो आणि पुन्हा पुढे येतो. त्या वळणावर रुंद आतडे एकाएकी अरुंद होते. चघळलेला कडबा, अर्धवट भिजलेला दाणा आणि माती यांचा लगदा साचून अडतो तो बहुधा याच वळणावर. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसून मोकळा असतो. वायूने फुगला की तो जागचा हलतो, कधी स्वतःभोवती पीळ खातो, आणि पीळ पडला की रक्ताचा प्रवाह बंद होऊन आतडे सडू लागते. बाहेरून पाहणाराला मात्र या सर्व विकारांत एकच लक्षण दिसते: घोडा चारा सोडतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो, उठतो, लोळतो, घामाने चिंब होतो. आतड्याला पेटका आला आहे, वायू धरला आहे, मळ अडला आहे की पीळ पडला आहे, हे त्या लोळण्यावरून कळत नाही, आणि पुढे जी सारी औषधे आली त्यांचे यश व अपयश या एका अज्ञानाशी बांधलेले आहे.

मराठवाड्याच्या छावणीत रोगाला कारणेही मुबलक होती. दाणा म्हणजे भरडलेला हरभरा किंवा शिजवलेली कुळीथ. दोन्ही पौष्टिक, आणि दोन्ही पोटात आंबणारी. वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा, उन्हाळ्यात काष्ठासारखा वाळलेला. हिरव्या चाऱ्याची जबाबदारी घसकाट्याची. शिलेदारी रिसाल्यांत दोन स्वारांमागे एक घसकाट्या आणि एक तट्टू असे, आणि हा माणूस माळावरून, ओढ्याच्या काठावरून हरळी खुरप्याने मुळासकट खरवडून आणी, कारण दक्खनी घोड्याला मुळांसह हरळी मानवते असा सर्वांचा अनुभव होता. ती झोडपून, धुऊन घातली तर उत्तम चारा. पण पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा, त्यामुळे मुळांना चिकटलेली माती आणि वाळू थोडी थोडी घोड्याच्या पोटात जाई, आणि जड असल्यामुळे मोठ्या आतड्याच्या तळाशी बसून राही. कूच असले म्हणजे यात भर पडे. दिवसभराच्या मजलेनंतर तहानलेला घोडा आधी तोबऱ्यातील हरभरा अधाशीपणे खाई आणि मग ओढ्यावर पोटभर पाणी पिई. तो हरभरा आतल्या आत फुगे, पाण्याबरोबर न पचता पुढे वाहून जाई, आणि मुक्कामावर तंबू ठोकून होण्याच्या आत कोठेतरी एक घोडा लोळू लागलेला असे.

या भूमीला घोड्यांची आणि अश्ववैद्यकाची ओळख इंग्रजी छावणीने करून दिली नाही. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत, आणि त्या काळातील राज्ये घोड्यांवरच उभी होती. त्याआधी शंभर वर्षे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचविलेल्या मानसोल्लासात घोड्यांच्या लक्षणांना आणि शिक्षणाला विस्तृत स्थान मिळालेले आहे. शालिहोत्र मुनीच्या नावावर चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावाचा अश्वचिकित्सेचा ग्रंथ आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक ही संस्कृतातील सामग्री मोठी आहे. जयदत्ताचा ग्रंथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८८७ च्या सुमारास छापून प्रसिद्ध केला. पुढे फारसी आणि उर्दूतील फरसनामे आले. कवी म्हणून प्रसिद्ध असलेल्या सआदत यार खान रंगीन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला फरसनामा त्यांपैकी विशेष वाचला गेला. मात्र ग्रंथ असणे आणि ते तबेल्यापर्यंत पोचणे यांत फार अंतर आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेत आलेला मार्को पोलो लिहितो की माबारचे राजे दरसाल हजारो घोडे समुद्रमार्गे विकत घेतात, आणि त्यांची निगा राखणारा जाणता माणूस नसल्यामुळे वर्ष संपता संपता त्यांतील फार थोडे जिवंत राहतात. त्यांना शिजवलेले अन्न आणि मांस खाऊ घालतात असेही तो सांगतो. त्याचे वर्णन तमिळ किनाऱ्याचे आहे आणि परदेशी व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असल्यामुळे त्यात अतिशयोक्ती असेल. तथापि उष्ण देशात आणलेल्या अरबी घोड्याचा घात त्याच्या खाण्यातून होतो, हे निरीक्षण मला अचूक वाटते.

रिसाल्यात ही परंपरा जिवंत होती ती सालोतऱ्याच्या, म्हणजे घोड्यांच्या वैद्याच्या, रूपाने. तो बहुधा पिढीजात. त्याचा बटवा म्हणजे हिंग, ओवा, सुंठ, मिरी, पादेलोण, काळा बोळ, एरंडेल, भांग आणि अफू. या यादीकडे आजच्या औषधशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ती अडाणी म्हणून बाजूस सारता येत नाही. हिंग आणि ओवा वायू मोकळा करतात. अफू आतड्याचा पेटका सोडवते आणि वेदना शमवते. काळा बोळ मोठ्या आतड्याला चेतवून रेच घडवतो, पण त्याला अठरा ते चोवीस तास लागतात, कारण त्यातील द्रव्य मोठ्या आतड्यात पोचून तेथील जंतूंनी फोडल्यावाचून कामास येत नाही. वेदनेने पेटलेल्या आतड्याला शांत करणे आणि निजलेल्या आतड्याला जागे करणे ही दोन परस्परविरुद्ध कार्ये आहेत, आणि त्यांसाठी दोन निराळी द्रव्ये लागतात, हे सालोतऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. कोणत्या घोड्याला कोणते, हे ठरवण्यासाठी तो कुशीला कान लावी. पोटात गुरगुर ऐकू आली तर आशा. डाव्या कुशीत सारे निःशब्द असेल तर चिंता.

त्याची औषध पाजण्याची रीत मात्र औषधापेक्षा अधिक घातक ठरे. घोड्याच्या जबड्यात दोरी अडकवून ती झाडाच्या फांदीवरून किंवा तबेल्याच्या तुळईवरून ओढत, मान वर आभाळाकडे ताणून धरीत, एक मोतद्दार जीभ बाजूला खेची, दुसरा कान पकडी, आणि सालोतरी बांबूची तिरकी कापलेली नळी किंवा बैलाचे शिंग गालफडात सारून त्यातून शेर-दीड शेर काढा घशात ओती. मान अशी ताणलेली असता घोड्याला धड गिळता येत नाही. वेदनेने तडफडणारा घोडा त्याच क्षणी श्वास ओढी. काढ्याचा काही भाग श्वासनलिकेत उतरे, आणि पोटशूळ ओसरून स्वार निर्धास्त झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी घोडा फुफ्फुसाच्या दाहाने मरे. त्या मरणाचा संबंध त्या नळीशी आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

इंग्रज पशुवैद्य जे घेऊन आले ते आरंभी याहून फारसे वेगळे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाइंटभर जवसाच्या तेलात दोन औंस टर्पेंटाइन, त्यात अफूचा अर्क. मळ अडला असल्यास काळ्या बोळाचा गोळा. आणि १८६९ मध्ये लीब्राइख याने निद्राकारक म्हणून सिद्ध केल्यानंतर क्लोरल हायड्रेट. लष्करी अधिकारी मॅथ्यू होरेस हेस याने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या घोडेमालकांसाठीच्या पशुवैद्यकीय टिपांच्या पुस्तकाला हिंदुस्थानच्या छावण्यांचा अनुभव पाठीशी होता, आणि तेही पुस्तक याच औषधांच्या जगात वावरते. बदलले ते शिक्षण. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि पिढीजात सालोतऱ्याच्या जागी शिकून तयार झालेला सालोतरी रिसाल्यात येऊ लागला. २ ऑगस्ट १८८६ रोजी परळ येथे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या पशुरुग्णालयाच्या आवारात, जॉन हेन्री स्टील यांच्या प्रमुखत्वाखाली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय उघडले. १८८९ च्या डिसेंबरात पुण्यातच जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली, जी १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. सोलापूरपर्यंत आगगाडी १८६० मध्येच पोचली होती. तेथून पुढे बैलगाडीच्या वाटेने औषधांच्या पेट्या बालाघाट चढू लागल्या.

आणि याच काळात युरोपात असे औषध सापडले की ज्याने काही वर्षे सर्व पशुवैद्यांची मती गुंग केली. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबारच्या प्रदेशात एका वेलीचे विषारी बी होते, जे संशयित अपराध्याला दिव्य म्हणून खाऊ घालीत. वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन याने १८५५ मध्ये ते स्वतः चाखून आपल्या देहावरील परिणाम नोंदवले. १८६४ मध्ये योब्स्ट आणि हेसे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातील सत्त्व वेगळे काढले. फायसोस्टिग्मीन आणि एसेरीन ही त्याचीच दोन नावे. १८८२ साली बर्लिनच्या पशुवैद्यक विद्यालयातील विल्हेल्म डीकरहोफ याने हे सत्त्व पोटशूळ झालेल्या घोड्याच्या कातडीखाली टोचले. परिणाम डोळ्यांदेखत होई. टोचल्यावर काही मिनिटांत घोड्याच्या तोंडातून लाळ गळू लागे, खांद्याचे आणि मांडीचे स्नायू थरथरू लागत, अंगावर घाम फुटे, पोटातला आवाज हातभर अंतरावरून ऐकू येई, आणि अर्ध्या तासाच्या आत, जेथे काळ्या बोळाला अख्खा दिवस लागे तेथे, घोडा लीद टाकी. नळी नको, शिंग नको, ओतणे नको. एका पिचकारीत मूठभर माणसांची मेहनत वाचली.

पाठोपाठ दुसरे सत्त्व आले, ते आपल्या घराघरातल्या पानदानातून. सुपारीने जंत पडतात हे हिंदुस्थानात जुने ज्ञान. १८८८ मध्ये एर्न्स्ट यान्स याने सुपारीतून अरेकोलीन वेगळे केले, आणि त्यानंतरच्या दशकात जर्मन पशुवैद्यांनी तेही घोड्याच्या पोटशूळावर टोचण्यास आरंभ केला. ते एसेरीनहूनही जलद. कमरेच्या चंचीत सुपारी बाळगणाऱ्या स्वाराच्या घोड्याला तिचेच सत्त्व बर्लिनची प्रदक्षिणा करून मिळावे, ही इतिहासाची गती विलक्षण आहे. मग १८९५ मध्ये डीकरहोफने बेरियम क्लोराइड पुढे आणले. ते थेट शिरेत द्यायचे. स्वस्त, तत्काळ, आणि इतके उग्र की मात्रेत जराशी चूक झाली की घोडा हृदय बंद पडून तेथेच कोसळे. अशा मृत्यूंची नोंद युरोपातील नियतकालिकांत त्वरेने होऊ लागली आणि बेरियमची कीर्ती उतरली. एसेरीन व अरेकोलीन मात्र शतक पालटेपर्यंत इंग्रजी ग्रंथांतही रूढ झाली.

परंतु या दोन औषधांनीही घोडे मारले, आणि कसे मारले हे नीट पाहिले पाहिजे, कारण या साऱ्या कथेचे मर्म तेथे आहे. पेटक्याचा साधा शूळ झालेला घोडा एसेरीनशिवायही बरा होण्याचा संभव असतो. त्याला टोचले, तो बरा झाला, श्रेय औषधाला गेले. मळ ओला आणि थोडा अडलेला असेल तर औषधाने तो ढकलला, हेही खरे. पण जेथे त्या अरुंद वळणावर कोरड्या कडब्याचा आणि वाळूचा गच्च गोळा बसला आहे, तेथे मागच्या आतड्याने प्राणपणाने आकुंचन करूनही तो सरकत नाही; ताण वाढतो, भिंत पातळ होते आणि फाटते. जेथे पीळ पडला आहे तेथे ढकलण्याने पीळ अधिक आवळतो. जेथे आमाशय आंबलेल्या हरभऱ्याने तट्ट फुगले आहे, तेथे घोडा ओकू शकत नसल्याने तेच फुटते. आतडे फुटल्याबरोबर वेदना एकाएकी थांबते. घोडा शांत उभा राहतो, स्वार आनंदतो, आणि अंगावर थंड घाम येऊन काही तासांत घोडा जातो. शांतपणाला आराम समजण्याची ही चूक अनुभवी माणसांच्याही हातून होत असे.

हे असे का घडते याचे शास्त्रीय उत्तर औषध वापरात आल्यानंतर मिळाले. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शरीरशास्त्रज्ञांनी आतड्याचा नियम मांडला: आतड्यात घास जेथे असेल त्याच्या मागचा भाग आकुंचतो आणि त्याच वेळी पुढचा भाग सैलावतो, म्हणून घास पुढे सरकतो. गती म्हणजे केवळ जोर नाही. मागचे आवळणे आणि पुढचे सोडणे यांचा तो मेळ आहे. एसेरीनने सारे आतडे एकदम आवळते, मागचेही आणि पुढचेही. हालचाल पुष्कळ होते, पण पुढे जाणे त्या मानाने थोडे. १९२६ मध्ये ऑटो ल्योवी याने दाखवले की मज्जातंतूंच्या टोकांशी स्रवणाऱ्या ॲसेटिलकोलीनचा नाश एसेरीन रोखते, आणि तेव्हा त्या कॅलाबारच्या बियांचे रहस्य पूर्ण उलगडले. त्याला आणि हेन्री डेल याला १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्यांच्या तबेल्यात चार दशके आधी जे विनाशास्त्र वापरले गेले त्याची मीमांसा अशी मागाहून आली.

दरम्यान मोमिनाबादेत काळ बदलला होता. १९०२ च्या नोव्हेंबरातील करारानंतर, १९०३ साली हैदराबाद कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले. रिसाल्यांना विसावे डेक्कन हॉर्स, एकोणतिसावे लान्सर्स, तिसावे लान्सर्स अशी नावे मिळून त्यांची ठाणी देशभर पांगली, आणि निजामी मुलखातील या छावणीचा तो जुना दिमाख सरला. डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणांगणावर हाय वुडजवळ भाले घेऊन हल्ला केला, तो याच परंपरेचा शेवटचा मोठा देखावा.

या शतकभरात रिसाल्यातील पोटशूळ कमी झाला असेल तर कशामुळे, असा प्रश्न मी स्वतःला केला तेव्हा मला औषधाच्या पेटीत उत्तर सापडले नाही. ते तबेल्याच्या नित्यनेमात आहे. आधी पाणी, मग दाणा, हा नियम लष्करी शिस्तीत बसला. दाणा दिवसातून एकदा भरपूर देण्याऐवजी तीन-चार वेळा थोडा थोडा द्यावा, आमाशय लहान आहे म्हणून. मजल मारून आलेल्या घोड्याला घाम सुकेपर्यंत तोबरा चढवू नये. हरभरा भरडून द्यावा. हरळी झोडपून आणि धुऊनच ठाणावर यावी, आणि ती तपासण्याची जबाबदारी दफेदाराची असावी. यातील एकही नियम चमत्कारिक नाही. अनेक जुन्या सालोतऱ्यांना ते ठाऊकही होते. पण वैयक्तिक शहाणपण आणि कवायतीच्या बिगुलाबरोबर पाळला जाणारा हुकूम यांत अंतर पडते, आणि घोडे वाचले ते दुसऱ्याने.

विसाव्या शतकातील पुढची औषधे थोडक्यात सांगतो. १९३१ मध्ये एसेरीनच्या धर्तीवर कृत्रिम निओस्टिग्मीन तयार झाले. त्याच दशकात कार्बाकोल जर्मनीत घोड्यांना टोचले जाऊ लागले आणि आतडी फुटण्याचे जुने दुर्दैव त्याच्याही वाट्यास आले. १९६० च्या दशकात माणसांसाठी निघालेले मेटोक्लोप्रमाइड घोड्यांना देऊन पाहण्यात आले. त्याने आमाशय रिकामे होण्यास मदत होते, पण मेंदूवर परिणाम होऊन घोडा बेचैन होतो, भिंतींवर आदळतो, म्हणून ते शिरेतून अत्यंत संथ गतीने द्यावे लागते. सिसाप्राइडकडून पुष्कळ अपेक्षा होती. माणसांच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ लागल्याने २००० साली अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेतले गेले. एरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक अल्प मात्रेत आतड्याला चालना देते, पण घोड्यात त्याने मोठ्या आतड्याचा जीवघेणा दाह होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर निपचित पडलेल्या आतड्यासाठी आज लिडोकेनची संथ धार वापरतात, आणि तिचा गुण गती वाढवण्यात आहे की दाह व वेदना शमवण्यात, यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे.

याउलट, नेहमीच्या पोटशूळात ज्यांनी खरोखर जग बदलले ती औषधे आतड्याला ढकलणारी नाहीत. त्यांतले एक वेदना आणि दाह शमवणारे फ्लुनिक्सिन. दुसरे हायोसीनपासून बनवलेले ब्युटिलस्कोपोलामीन, जे १९५१ पासून माणसांच्या पोटदुखीवर वापरात आहे आणि आतड्याचा पेटका सोडवते. आणि ते हायोसीन आपल्या माळावरच्या धोतऱ्यातही असते. तिसरे तर औषधही नव्हे: नाकावाटे आमाशयापर्यंत सारलेली रबरी नळी, जिच्यातून साचलेला वायू आणि आंबोण बाहेर येते, आणि मग तिच्यातूनच कोमट पाणी व खनिज तेल खात्रीने पोटातच पोचवता येते. शिंगाने ओतण्याच्या त्या रीतीला हे उत्तर मिळण्यास फार उशीर लागला. वेदना शमवून, पोट हलके करून, पाणी देऊन वाट पाहायची, आणि पीळ पडल्याची शंका आली तर वेळ न दवडता पोट उघडायचे, हा आजचा क्रम आहे. त्यातील पहिला भाग अफू आणि कोमट पाणी हाताशी ठेवणाऱ्या सालोतऱ्याला सहज समजला असता.

आज अंबाजोगाईत रिसाला नाही, परंतु मराठवाड्यात घोडे आहेत. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांचा बाजार भरतो. लग्नाच्या वरातीसाठी, शर्यतीसाठी, मेंढरांच्या कळपामागे बिऱ्हाड वाहण्यासाठी लोक ते बाळगतात. परभणीस १९७२ पासून आणि उदगिरास १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, आणि अंबाजोगाईहून दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. घोडे बाळगणाऱ्या माझ्या बांधवांना एवढीच विनंती, की घोडा चारा सोडून कुशीकडे पाहू लागला तर त्याची मान वर बांधून बाटलीने तेल, काढा, दारू वा सोडा ओतू नका; पुढ्यातले दाणा-वैरण उचलून घ्या; लोळून अंगाला इजा करून घेऊ लागला तर हळूहळू चालवत ठेवा; शेवटची लीद कधी टाकली आणि काय खाल्ले होते हे लक्षात ठेवा; आणि तासाभरात उतार पडला नाही, किंवा तडफडणारा घोडा एकाएकी गप्प झाला, तर रात्र असली तरी पशुवैद्याला बोलवा.